बॉसवर्थचा राजा आणि हाडांची साक्ष

माझा एक मावसभाऊ इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहतो. मूळ आमच्या कोकणातलाच. सप्टेंबर २०१२मध्ये त्याचा फोन आला. घरच्यांची खुशाली, पाऊस, आंब्याचे कलम वगैरे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "भाई, इथे गाड्या लावायच्या जागेखाली एक राजा सापडलाय. पाठीत वाकडा आहे म्हणतात."

मला वाटले गंमत करतोय. पण दोन-चार दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांतही बातमी आली. लेस्टर नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्याच्या पार्किंगखाली एक सांगाडा मिळाला होता, आणि तो इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा असावा असे तिथल्या विद्यापीठाचे लोक म्हणत होते. फेब्रुवारी २०१३मध्ये त्यांनी "असावा" काढून "आहे" असे जाहीर केले.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचे तास माझ्याकडे येतात आणि खरे सांगायचे तर मला ते आवडतात. आपल्या पाठ्यपुस्तकात इतिहासाच्या साधनांवर एक पाठ असतो : लिखित, भौतिक, मौखिक. मुले तो पाठ करतात, परीक्षेत तीन उदाहरणे लिहितात आणि विसरतात. ही तिन्ही साधने एकमेकांशी भांडली तर काय करायचे, हे त्या पाठात नसते. तिसऱ्या रिचर्डच्या मरणाची हकीकत म्हणजे हेच भांडण आहे. त्यानंतर मी ती अनेक वर्गांना सांगितली आहे. आज वाचकांना सांगतो.

तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. तेव्हा त्याचे वय ३२ होते. गादीवर येऊन त्याला जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. रणांगणावर मरण आलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा. इंग्लंडच्या भूमीवर लढताना मेलेला त्याच्या आधीचा राजा शोधायचा तर थेट १०६६च्या हेस्टिंग्सच्या लढाईतल्या हॅरॉल्डपर्यंत मागे जावे लागते. (सलाहुद्दीन अय्यूबींशी लढलेला तो सिंहहृदयी रिचर्ड म्हणजे पहिला रिचर्ड. तो १९९च्या फरकाने नाही, तर पावणेतीनशेहून अधिक वर्षे आधी, ११९९मध्ये, फ्रान्समधल्या एका किल्ल्याच्या वेढ्यात बाण लागून गेला. वर्गात दर वेळी कुणीतरी दोघांची गल्लत करतेच, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

त्या काळी इंग्लंडमध्ये एकाच राजघराण्याच्या दोन शाखा, यॉर्क आणि लँकेस्टर, तीस वर्षे गादीसाठी एकमेकांना कापत होत्या. रिचर्ड यॉर्क शाखेचा. त्याचा थोरला भाऊ राजा चौथा एडवर्ड १४८३च्या एप्रिलमध्ये वारला. मागे दोन मुलगे : एक बारा वर्षांचा, दुसरा नऊ. रिचर्ड त्यांचा काका आणि पालक. जूनअखेर या काकाने, भावाचे लग्नच बेकायदा होते म्हणून पुतणे वारस ठरत नाहीत असे दाखवून स्वतः गादी घेतली. दोन्ही मुले लंडनच्या टॉवरमध्ये होती. त्या उन्हाळ्यानंतर ती पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

आपल्याकडे पेशवाईचा इतिहास वाचलेल्याला काका-पुतण्याची ही गोष्ट नवी वाटणार नाही. वर्गात मी नारायणरावांचे नाव घेतले की मुले सरसावून बसतात.

त्यानंतर रिचर्डला फार सुख मिळाले नाही. १४८४च्या वसंतात त्याचा एकुलता एक औरस मुलगा गेला. १४८५च्या मार्चमध्ये बायको ॲन गेली. आणि ऑगस्टमध्ये हेन्री ट्यूडर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा एक माणूस वेल्सच्या किनाऱ्यावर उतरला. हा हेन्री लँकेस्टर बाजूचा, तोही आईकडून लांबचा. गादीवरचा त्याचा हक्क लेचापेचा होता. चौदा वर्षे त्याने परदेशात आश्रितासारखी काढली होती. सोबत फ्रेंच पैसा आणि थोडे भाडोत्री शिपाई.

लढाईच्या दिवशी संख्येने रिचर्ड वरचढ होता. साधारण दहा हजारांच्या आसपास त्याचे आणि पाच हजारांच्या आसपास हेन्रीचे, असा अंदाज केला जातो. पण मैदानात तिसरेही एक सैन्य होते. लॉर्ड टॉमस स्टॅन्ली आणि त्याचा भाऊ सर विल्यम स्टॅन्ली, यांची माणसे बाजूला उभी राहून बघत होती. टॉमस हा हेन्रीच्या आईचा नवरा, म्हणजे हेन्रीचा सावत्र बाप. त्याने दगा देऊ नये म्हणून रिचर्डने त्याचा मुलगा ओलीस ठेवला होता. तरीही स्टॅन्ली हलले नाहीत. वारा कुठे वाहतो ते बघत राहिले. रिचर्डच्या पिछाडीला नॉर्थंबरलंडचा सरदार होता, तोही जागचा हलला नाही. आघाडीवरचा नॉर्फोकचा ड्यूक मात्र निष्ठेने लढला आणि मारला गेला.

मग रिचर्डला मैदानाच्या पलीकडे हेन्रीचे निशाण दिसले. त्याच्याभोवती थोडीच माणसे होती. रिचर्डने आपले निवडक घोडेस्वार घेतले आणि सरळ तिकडे दौड केली. डोक्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर मुकुट. म्हणजे मी राजा आहे, या आणि मला मारा, असे सांगत जाणे. त्याने हेन्रीचा निशाणबरदार विल्यम ब्रँडन याला ठार केले. जॉन चेनी नावाच्या धिप्पाड सरदाराला घोड्यावरून पाडले. हेन्री काही हातांवर होता. त्याच क्षणी विल्यम स्टॅन्लीने आपली बाजू निवडली आणि त्याची माणसे रिचर्डवर तुटून पडली.

पुढची काही मिनिटे नेमकी कशी गेली, हा प्रश्न पाचशे वर्षे चर्चेत आहे.

लिहिणारे बरेच होते. आणि जवळजवळ सगळे जिंकलेल्या बाजूचे किंवा तिच्या दाराशी उभे असलेले.

हेन्री राजा झाला. त्याने पहिली गोष्ट काय केली? आपल्या कारकिर्दीची सुरुवात २२ ऑगस्टपासून न धरता २१ ऑगस्टपासून धरली. लढाईच्या एक दिवस आधीपासून. याचा अर्थ असा की २२ तारखेला जे लोक आपल्या अभिषिक्त राजासाठी लढले, ते कायद्याने राजद्रोही ठरले. त्यांच्या जमिनी जप्त करायला वाट मोकळी झाली. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "सर, ये तो चीटिंग है." आहेच. तारीख हीसुद्धा जिंकणाऱ्याच्या हातात होती.

अशा राजवटीत लिहिणाऱ्यांचे काय होणार? जॉन राउस नावाचा एक धर्मगुरू आणि इतिहासकार होता. रिचर्ड जिवंत असताना त्याने रिचर्डची तोंड भरून स्तुती लिहिली. हेन्री आल्यावर आपल्या हाताशी राहिलेल्या प्रतीतून ती स्तुती काढून टाकली. दुसरी प्रत त्याच्या हातातून आधीच गेली होती, म्हणून ती जशीच्या तशी उरली आणि राउस पकडला गेला. नंतर त्याने नवा इतिहास लिहिला. त्यात रिचर्ड दोन वर्षे आईच्या पोटात होता आणि जन्मला तो दातांसह, खांद्यांपर्यंत केस घेऊन, असे लिहिले. पुढे पॉलिडोर व्हर्जिल हा इटालियन विद्वान आला. तो इंग्लंडात पोहोचला तेव्हा लढाईला सतरा वर्षे होऊन गेली होती, आणि त्याने इतिहास लिहायला घेतला तो हेन्रीच्याच प्रोत्साहनाने. मग टॉमस मोरने रिचर्डला वाळलेला हात दिला. शेवटी शेक्सपिअर आला आणि त्याने जगाला कुबडा, लंगडा, सैतानी रिचर्ड दिला, जो रणांगणावर घोड्यासाठी ओरडतो. त्यानंतर लोकांना खरा रिचर्ड नको झाला. नाटकातलाच पुरला.

"इतिहास जेते लिहितात" हे वाक्य आपल्याकडे फार चालते. आपल्या समाजात तर जास्तच, आणि त्याला कारणेही आहेत. पण हे वाक्य मला हल्ली आळशी वाटते. मी बी.एड.ला असताना आमच्या वर्गात मध्ययुगीन सुलतानांवर एक वादविवाद झाला होता. समोरच्याने एक बखरीतला उतारा वाचला. मी उठून म्हणालो, शत्रूने लिहिले आहे, बाजूला ठेवा. टाळ्या मिळाल्या. मग त्याने एक फारसी तवारीख पुढे केली, दरबारी लेखकाने मोठ्या अभिमानाने लिहिलेली. तीत तेच लिहिले होते. मी पुन्हा म्हणालो, दरबारी लेखक बढाया मारतात, तेही सोडा. या वेळी टाळ्या मिळाल्या नाहीत. खाली बसल्यावर माझ्या लक्षात आले की मला न आवडणारे सगळेच मी खोटे ठरवून मोकळा झालो होतो.

इंग्लंडमध्ये रिचर्डचेही असेच वकील आहेत. त्यांची रीतसर संस्था आहे, १९२४पासूनची. त्यांचे म्हणणे, कुबड ही ट्यूडरांची बदनामी. तो धडधाकट, न्यायी, चांगला राजा होता. जामिनाबद्दल आणि जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध त्याने चांगले कायदे केले, हे खरेही आहे. याच संस्थेतल्या फिलिपा लँग्ली या बाईंनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून, पैसे गोळा करून ते उत्खनन घडवून आणले. जागा कशी ठरली? मारल्यानंतर रिचर्डचे प्रेत लेस्टरला नेले, लोकांना दिसावे म्हणून उघडे ठेवले आणि मग ग्रेफ्रायर्स नावाच्या मठात पुरले, एवढे सर्व कागद सांगत होते. १५३८मध्ये मठ बंद झाला, पाडला गेला. जागेवर बागा झाल्या, घरे झाली, शेवटी डांबर पडले. गावात दंतकथा अशी की राजाची हाडे केव्हाच सोअर नदीत फेकली. एकोणिसाव्या शतकात पुलाजवळ तशी पाटीही लावली होती. मौखिक साधन म्हणा.

लँग्लीबाई त्या पार्किंगमध्ये उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना आतून वाटले की राजा इथेच आहे. जमिनीवर इंग्रजीतले 'आर' हे अक्षर रंगवलेले होते. ते राखीव जागेचे अक्षर; रिचर्डचे नव्हे. मी अशा कौलांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण २५ ऑगस्ट २०१२ला खोदकाम सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच चरात पायांची हाडे लागली. हे मी बदलू शकत नाही.

काही दिवसांनी हाडतज्ज्ञ जो ॲपलबी यांनी माती बाजूला करत करत पाठीचा कणा उघडा केला. तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला होता.

लँग्लीबाई तिथे उभ्या होत्या. त्यांना मोठा धक्का बसला, आणि तो चित्रफितीत दिसतो. ज्या माणसाची बदनामी पुसायला त्या निघाल्या होत्या त्याची पाठ खरोखरच वाकडी निघाली. या जागेशी मी दर वेळी थांबतो. शोधून काढलेले हाड शोधणाऱ्याच्या बाजूने बोललेच पाहिजे, असा कुठलाही करार नसतो.

पण ते हाड शत्रूच्या बाजूनेही बोलले नाही. हा आजार स्कोलिओसिस. कणा बाजूला वळतो. पुढे वाकून कुबड येणे ही वेगळी गोष्ट. रिचर्डला तो दहा वर्षांचा झाल्यानंतर, वाढीच्या वयात सुरू झाला होता. त्यामुळे जन्मतःच राक्षस, दात आणि केस हे सगळे बाद. वाळलेला हात नाही. दोन्ही हात ठीक. लंगडल्याची खूण नाही. कणा सरळ असता तर तो पाच फूट आठ इंच भरला असता, प्रत्यक्षात काही इंच कमी दिसत असणार. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा वर. नीट शिवलेल्या कपड्यांत किंवा मापाच्या चिलखतात फारसे कळलेही नसते.

आता गंमत बघा. उजवा खांदा वर आणि डावा खाली, हे नेमके कुणी लिहून ठेवले होते? त्याच जॉन राउसने. ज्याने दाढांसह जन्मलेल्या बाळाची थाप मारली, स्तुती खोडून टाकली, त्याच माणसाने खांद्याबद्दल खरे लिहिले होते. त्याच्या पानातली एक ओळ कचरा आणि पुढची साक्ष. संपूर्ण पान फेकून दिले असते तर दोन्ही गेले असते.

सांगाडा रिचर्डचाच हे कशावरून, असे मुले विचारतात. विचारायलाच हवे. हाडांचा काळ कार्बन चाचणीने जुळला, वय जुळले, कबरीची जागा जुळली. आणि डीएनए जुळला. पेशीत एक डीएनए असा असतो की तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. नानीकडून आईला, आईकडून मुलीला, असा चालत राहतो. जॉन ॲशडाउन-हिल या संशोधकाने रिचर्डच्या बहिणीपासून, बाईकडून बाईकडे, सतरा पिढ्या खाली उतरत एक वंशावळ लावली होती. तिच्या टोकाला मायकल इब्सेन नावाचा माणूस मिळाला. जन्म कॅनडातला, वस्ती लंडनमध्ये, धंदा सुतारकाम. टुरी किंग यांनी त्याचा आणि सांगाड्याचा नमुना ताडून पाहिला. जुळला. बापाकडून मुलाला जाणारा डीएनए मात्र आजच्या वंशजांशी जुळला नाही. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी कुणीतरी कागदावरच्या बापाचे नव्हते. एवढी युद्धे ज्या बापजाद्यांच्या हक्कासाठी झाली, तिथेच गाठ सुटलेली निघाली. नवव्या इयत्तेत हे मी जरा घाईने सांगून पुढे जातो.

तर आता त्या शेवटच्या काही मिनिटांकडे.

हाडांवर मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमा आहेत. २०१४मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अकरांपैकी नऊ कवटीवर. दंडांवर, मनगटांवर, पंजांवर वार अडवल्याच्या खुणा एकही नाहीत. याचा अर्थ बहुधा असा की अंगावर चिलखत शाबूत होते, फक्त शिरस्त्राण गेले होते. पडले, काढले की तोडले, कोण सांगणार. पण जबड्यावर एक बारीक काप आहे, आणि हनुवटीखालचा पट्टा कापताना तो झाला असावा असा एक तर्क आहे.

डोक्याच्या वरच्या भागावर तीन ठिकाणी हाडाचा पापुद्रा निघालेला आहे, जसा न्हाव्याचा वस्तरा फिरावा. त्या घावांनी माणूस मरत नाही, रक्त मात्र खूप जाते. माथ्यावर एक चौकोनी भोक, वरून खुपसलेल्या खंजिराचे असावे. गालावर एक. आणि कवटीच्या तळाशी, मानेच्या मागे, दोन मोठ्या जखमा. एकीत तलवारीने किंवा लांब दांड्याच्या कुऱ्हाडीसारख्या शस्त्राने हाडाचा तुकडाच उडवला आहे. दुसरीत शस्त्राचे टोक आत शिरून कवटीच्या विरुद्ध बाजूला आतून लागले आहे, साडेदहा सेंटिमीटर आत. यांतल्या कोणत्याही एकीने जीव गेला असता, आणि लगेच. मानेच्या मागे, खालून असा घाव बसायचा तर माणूस गुडघ्यावर किंवा पालथा आणि डोके पुढे झुकलेले हवे. म्हणजे तेव्हा तो घोड्यावर नव्हता.

आता जुनी पाने पुन्हा उघडा. बर्गंडीचा लेखक जाँ मोलिने याने लिहिले होते की राजाचा घोडा दलदलीत अडकला आणि एका वेल्श माणसाने लांब दांड्याच्या शस्त्राने त्याला मारले. हा लेखक परदेशी, ऐकीव माहितीवर लिहिणारा, म्हणून बरेच जण त्याला फार मोजत नसत. २००५पासून काही वर्षे ग्लेन फोर्ड यांच्या पथकाने मैदानाची धातुशोधकाने पाहणी केली. लढाई जिथे झाली असे मानले जात होते त्या टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर तोफांचे शिशाचे गोळे मिळाले. आणि चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला एक छोटा रानडुकराचा बिल्ला मिळाला. पांढरा रानडुक्कर हे रिचर्डचे चिन्ह. असा भारी बिल्ला त्याच्या जवळचा माणूसच लावणार. तो मिळाला त्या काळच्या दलदलीच्या काठाशी.

वेल्समधला गुटोर ग्लिन नावाचा एक कवी होता. हेन्रीच्या बाजूने लढलेल्या एका वेल्श सरदाराच्या स्तुतीत त्याने रानडुकराचे डोके भादरल्याचा उल्लेख केला आहे. शतकानुशतके तो कवीचा अलंकार समजला गेला. आता त्या कवटीवरचे तीन सपाट पापुद्रे बघून ती ओळ वाचताना अंगावर काटा येतो. मी शायरी शिकवतो. शायर अतिशयोक्ती करतो हे मुलांना मीच सांगतो. पण कधी कधी शायर फक्त पाहिलेले सांगत असतो.

आणि धैर्य? राउस, व्हर्जिल, तिकडे क्रोलंडच्या मठातला अनाम लेखक, यांचे रिचर्डशी काही बरे नव्हते. पण तिघांनीही कबूल केले आहे की तो पळाला नाही. शत्रूंच्या गराड्यात लढत मेला. राउस सांगतो, तो शेवटपर्यंत दगा, दगा असे ओरडत होता. स्पेनमध्ये पोहोचलेल्या एका वृत्तान्तात असे आहे की सालाझार नावाच्या एका कप्तानाने त्याला निघून जा, लढाई पुन्हा करता येईल, असे सांगितले होते आणि त्याने ते नाकारले. जेत्यांनीच लिहिलेला इतिहास, आणि त्यात हरलेल्याच्या हिमतीची नोंद आहे. जखमाही समोरासमोरच्या गर्दीतल्या आहेत. एकाने पाठलाग करून केलेल्या वाटत नाहीत.

मागून केलेल्या जखमा आहेत, पण त्या वेगळ्या. उजव्या बाजूच्या दहाव्या बरगडीवर एक, आणि कमरेच्या हाडावर एक. दुसरी उजव्या नितंबातून आत गेलेली. चिलखत असताना या होऊच शकत नाहीत. म्हणजे प्रेत नागडे करून, घोड्यावर आडवे टाकून नेताना कुणीतरी शस्त्र खुपसले. त्या प्रवासाचे वर्णन जुन्या लेखकांनी केले होतेच. मेलेल्या शत्रूच्या देहाच्या विटंबनेला आपल्याकडे 'मुसला' म्हणतात आणि पैगंबरसाहेबांनी (स.) ती मना केली आहे. मना केली म्हणून मुसलमान बादशहांनी ती केली नाही, असे मात्र कुणी समजू नये. आपल्याही तवारिखांत कापलेल्या शिरांचे ढीग आहेत, आणि ते लिहिणारे आपलेच होते.

दफनही घाईचे. कफनाची, पेटीची काही खूण नाही. खड्डा इतका आखूड की देह सरळ मावला नाही, डोके कडेला टेकून वर आले. हात कमरेशी एकमेकांवर आलेले, कदाचित बांधलेलेच. पावले गायब, ती नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात गेली. पोटाच्या जागेच्या मातीत जंतांची अंडी सापडली. राजाच्या पोटातही जंत होते, यावर वर्गात फार हशा पिकतो.

एक गोष्ट हाडे सांगत नाहीत. त्या दोन पुतण्यांचे काय झाले? तास संपताना हा प्रश्न कुणीतरी विचारतेच. गेल्या वर्षी एका मुलीने विचारला, "सर, तो शूर होता म्हणजे त्याने मुलांना मारले नसेल ना?" मी म्हणालो, बेटा, शौर्याचा आणि खुनाचा असा काही संबंध नसतो. शूर माणसेही मुले मारतात. मुले त्याच्या ताब्यात होती, गायब झाली आणि त्याने ती कधी जिवंत दाखवली नाहीत, एवढे आपल्याकडे आहे. मला स्वतःला त्याच्यावरचा संशय पुसता येत नाही. १६७४मध्ये टॉवरच्या जिन्याखाली दोन मुलांची हाडे मिळाली, ती वेस्टमिन्स्टर ॲबीत एका कलशात ठेवली आहेत. त्यांची डीएनए तपासणी झालेली नाही. त्या मुलीचे समाधान झाले नाही. माझेही नाही.

सांगाडा मिळाल्यावर तो पुरायचा कुठे, यावर लेस्टर आणि यॉर्क यांच्यात भांडण लागले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१४मध्ये लेस्टरच्या बाजूने लागले. पाचशे वर्षे ज्याला कुणी विचारले नाही त्याच्या हाडांसाठी दोन शहरे कोर्टात! मार्च २०१५मध्ये पेटी आधी बॉसवर्थच्या बाजूने फिरवून लेस्टरला आणली. रस्त्यावर लोकांनी पांढरे गुलाब टाकले. यॉर्क घराण्याचे फूल. कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी रांगा लागल्या. माझा मावसभाऊ दुकान लवकर बंद करून तिथे गेला होता. मी विचारले, तू कशाला गेलास? तो म्हणाला, "शेजारी होता ना भाई. इतकी वर्षे त्याच रस्त्याने मशिदीत जात होतो."

२६ मार्चला त्याला पुन्हा दफन केले. या वेळी पेटी होती, ओक लाकडाची, मापात बसेल अशी. ती मायकल इब्सेनने बनवली होती. बहिणीच्या सतराव्या पिढीतल्या सुताराने.